कागदांची बेगमी : बचत गटांच्या भगिनींना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महिला स्वयंसहायता गट, ग्रामसंघ व प्रभागसंघ यांच्या अध्यक्षा, सचिव, कोषाध्यक्ष आणि सर्व सदस्य भगिनी


महाराष्ट्रातील एखाद्या सामान्य कुटुंबावर आजारपण, अपघात किंवा मृत्यूचा घाला पडतो, तेव्हा ते कुटुंब खचते ते केवळ हाती पैसा नसतो म्हणून नव्हे. विमा, शासकीय योजना, ठेव किंवा वारसाहक्क यांपैकी काही ना काही त्या कुटुंबाच्या नावावर बहुधा आधीच असते. परंतु ते कोठे आहे, त्याचा कागद कोणता आणि तो कोणत्या कार्यालयात दाखवायचा, हे घरातील एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि नेमकी तीच व्यक्ती त्या वेळी अतिदक्षता विभागात असते किंवा या जगात नसते. ही व्यक्ती बहुतेक घरांत पुरुष असते. त्यामुळे संकटाच्या पहिल्या आठवड्यात घरातील स्त्रीला पतीच्या दुखण्याबरोबर त्याच्या पेटीतील, खिशातील आणि मोबाइलमधील अपरिचित कागदांशीही झगडावे लागते. घरोघरची ही माहिती एकाच डोक्यात अडकून न राहता दोन प्रौढ व्यक्तींच्या हाती असावी, आणि हे काम बचत गटांनी आपल्या नियमित कामकाजात घ्यावे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र लिहिले आहे.

हे काम शासनाच्या एखाद्या विभागाकडे न सोपवता गटांपुढेच ठेवण्यास कारण आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच माविम, १९७५ साली स्थापन झाले. नाबार्डने १९९२ साली स्वयंसहायता गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. आणि २०११ पासून ‘उमेद’ या नावाने ओळखले जाणारे राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान गावोगाव पोहोचले. या दीर्घ वाटचालीत गावातील स्त्रियांनी ठरलेल्या दिवशी जमण्याची, नोंदवही लिहिण्याची, कर्जाचा हप्ता सर्वांसमोर मोजण्याची आणि न समजलेली गोष्ट मोकळेपणाने विचारण्याची जी सवय अंगी बाणवली, तिची बरोबरी कोणतेही जनजागृती शिबिर करू शकत नाही. गट ज्या दशसूत्रीनुसार चालतात, तिच्या पहिल्या पाच सूत्रांत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबलेखन येते, तर उरलेल्या पाचांत आरोग्य व शासकीय योजनांचा लाभ यांचाही समावेश आहे. पहिली पाच सूत्रे गटांनी आत्मसात केली आहेत. पुढील सूत्रे मात्र अनेक ठिकाणी भिंतीवरील फलकापुरतीच उरली आहेत, आणि घराच्या पूर्वतयारीचा प्रश्न नेमका तेथे येतो.

पूर्वतयारी ही येथील स्त्रियांना कोणी शिकवावी अशी गोष्ट नाही. चैत्र-वैशाखात पापड, कुरडया व सांडगे वाळवून ठेवणे, डाळी भरडून घेणे, कणगीतील धान्यात कडुनिंबाचा पाला घालणे आणि पावसाळ्यापुरते जळण आत रचणे, ही सारी बेगमी घराघरांतील स्त्रियांनीच पिढ्यान् पिढ्या केली आहे. कागदपत्रांच्या बाबतीत हीच दूरदृष्टी दिसत नाही, याचे कारण तिचा अभाव हे नसून ‘बाहेरचे व्यवहार’ म्हणून कागद स्त्रीपासून दूर ठेवले गेले हे आहे. स्वतःची बचतही तिला लपवून करावी लागली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांत आणि साड्यांच्या घड्यांत वर्षानुवर्षे अडीनडीसाठी जपलेली रक्कम असंख्य स्त्रियांना घरच्यांसमोर उघड करावी लागली. ती बचत कुटुंबासाठीच होती, तरीही कुटुंबाला तिची माहिती नव्हती. ज्या घरात पती विम्याविषयी बोलत नाही आणि पत्नी बचतीविषयी बोलू शकत नाही, त्या घराची पूर्वतयारी दोन्ही बाजूंनी अपुरी राहते.

आजारपणापासून प्रारंभ करणे योग्य ठरेल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर लागू झाली आणि आता शिधापत्रिकेचा रंग पिवळा, केशरी किंवा पांढरा कोणताही असला तरी प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते. हे संरक्षण संलग्न म्हणजे योजनेत नोंदलेल्या रुग्णालयात आणि ठरवून दिलेल्या यादीतील उपचारांनाच मिळते. रुग्ण आधी असंलग्न रुग्णालयात दाखल झाला आणि तेथे खर्च होऊन गेला, तर तो खर्च नंतर परत मिळत नाही. यास्तव आपल्या घरापासून जवळचे संलग्न रुग्णालय कोणते आणि हृदयविकार, मूत्रपिंड, कर्करोग किंवा अस्थिभंग यांपैकी कशाचे उपचार तेथे होतात, ही माहिती निरोगी असतानाच मिळवलेली हवी. प्रत्येक संलग्न रुग्णालयात रुग्णाला योजनेत नोंदवून घेण्यासाठी ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. रुग्णाला दाखल करताना पहिल्याच तासात त्याला भेटावे. ऐन वेळी शिधापत्रिका हाताशी नसली, तरी तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून नोंद करून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात, हे त्याच्याशी बोलल्यावरच कळते. योजनेचा मदत क्रमांक १५५३८८ आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ हे दोन्ही घराच्या भिंतीवर, लहान मुलांनाही वाचता येतील अशा मोठ्या अक्षरांत असावेत.

शहरातील मोठ्या रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर आणखी एक हक्क माहीत असावा लागतो आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी, म्हणजे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या व त्यापोटी सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असलेले कुटुंब निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असलेले दुर्बल घटक गणले जाते, आणि त्याचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागितला जातो. हा दाखला रुग्ण खाटेवर असताना मिळवायचा, तर एका नातेवाइकाला रुग्णालय सोडून तालुक्याला धाव घ्यावी लागते. तोच दाखला दरवर्षी मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी काढला जातो, तेव्हा त्याची एक प्रत घराच्या फाइलमध्ये ठेवली की ही धावपळ वाचते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी दारात अडवून न ठेवता त्याची प्रकृती स्थिरावेपर्यंत जीवरक्षक उपचार दिले पाहिजेत, ही अटही त्याच योजनेत आहे. ती ठाऊक असलेला नातेवाईक आणि ठाऊक नसलेला नातेवाईक यांच्याशी खिडकीवरील बोलणे वेगळ्या रीतीने होते, हे खेदाने नमूद करावे लागते.

तथापि या योजनांना मर्यादा आहेत, आणि त्या मान्य केल्याशिवाय तयारीचा हिशोब जुळत नाही. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, रुग्णाजवळ थांबणाऱ्याचे जेवण, जाण्यायेण्याचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी, यांपैकी बहुतेक खर्च कोणतीच योजना उचलत नाही. खिशाला लागणारी ही गळती पाच-दहा हजारांची असली, तरी हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तीच सावकाराच्या दारी नेते. अर्थविषयक पुस्तकांत तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवावी असे सांगितलेले असते. शेतमजुराच्या किंवा ऊसतोडीची उचल म्हणजे आगाऊ मजुरी फेडणाऱ्या कुटुंबाला हे उद्दिष्ट इतके दूरचे वाटते की ते प्रारंभच करीत नाही. पहिले उद्दिष्ट एका महिन्याचा किराणा आणि तालुक्याच्या रुग्णालयाची एक फेरी एवढ्याच रकमेचे असावे. त्यापुढील भार गटाने एकत्रितपणे उचलावा, कारण आजारपण गटातील सर्व घरांत एकाच महिन्यात येत नाही आणि सामूहिक निधीचे सारे बळ याच गोष्टीत आहे.

सावकारी कर्जाची किंमत आकड्यांत मांडून दाखवणे गटांना सहज शक्य आहे. शेकडा दहा रुपये महिना या दराने घेतलेल्या २० हजार रुपयांवर महिन्याला २ हजार रुपये व्याज चढते, दहा महिन्यांत व्याजच मुद्दलाइतके होते आणि मुद्दल जागचे हलत नाही. गटाच्या शेकडा दोनच्या दराने तेच व्याज महिन्याला ४०० रुपये होते. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही, हे दामदुपटीचे जुने तत्त्व महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्येही आहे, आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा त्याच अधिनियमाखाली गुन्हा आहे. असे असूनही लोक सावकाराकडे जातात, कारण तो रात्री अकरा वाजता पैसे देतो आणि गटाची बैठक पुढच्या सोमवारी असते. गटांनी व्याजदराइतकेच या विलंबाकडेही गांभीर्याने पाहावे. रक्कम लहान असली, तरी अध्यक्षा व सचिव यांना बैठकीची वाट न पाहता त्याच दिवशी ती देता येईल आणि नंतरच्या बैठकीत मान्यता घेता येईल, असा ठराव प्रत्येक गटाने करून ठेवावा. ग्रामसंघाकडे येणारा जोखीम प्रवणता निधी, म्हणजे अन्न, आरोग्य अशा आकस्मिक गरजांत सापडलेल्या कुटुंबांसाठी दिलेला निधी, याच कारणासाठी आहे. तो बँकेत पडून ठेवणे हे चांगल्या कारभाराचे लक्षण मानले जाऊ नये.

सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या कर्जाबाबत एवढेच सांगणे पुरेसे आहे की, रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी किंवा सायंकाळी ६ नंतर येता येत नाही.

मृत्यूनंतरच्या व्यवहारांकडे वळताना मनावर दडपण येते, आणि घरात हा विषय काढणेच अशुभ मानले जाते. परंतु हेच मौन सर्वांत महाग पडते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला केवळ २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि जीवन ज्योती विमा योजनेत ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने झालेल्या मृत्यूसाठी तितकेच संरक्षण मिळते. पहिलीसाठी वय १८ ते ७० आणि दुसरीत प्रवेशासाठी १८ ते ५० असावे लागते. हे हप्ते बँक खात्यातून आपोआप कापले जातात, पासबुकात त्यांची नोंद इंग्रजी आद्याक्षरांत एका ओळीने होते आणि ती ओळ घरात कोणी वाचत नाही. परिणामी विमा घेतलेल्या माणसाच्या मागे त्याचे कुटुंब दावाच करीत नाही. गटातील दहा-बारा जणींनी आपापल्या घरातील सर्वांची पासबुके एका बैठकीत आणून अशा ओळींखाली रेघ मारली, तर कोणत्या घरात कोणता विमा चालू आहे आणि कोणाचा हप्ता शिल्लक नसल्याने खंडित झाला आहे, हे तासाभरात स्पष्ट होईल. शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. तिच्यात सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का अशा शेतीतील नित्याच्या संकटांतून झालेल्या मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. अपघाती मृत्यूच्या दाव्यात पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल सामान्यतः मागितला जातो. दुःखाच्या भरात पंचनामा व शवविच्छेदन न करता अंत्यसंस्कार उरकले, तर पुढे पुरावा उरत नाही. त्या घडीला घरच्यांना हे सुचणे अवघड असते, म्हणून ते सांगणारी एक तरी माहीतगार स्त्री प्रत्येक वाडीवस्तीवर असावी.

बँकेतील ठेवीबाबत ‘नामनिर्देशन’ आणि ‘वारस’ या दोन संज्ञांचा वारंवार गोंधळ होतो. खातेदाराच्या मृत्यूनंतर बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी, हे नामनिर्देशनाने ठरते. त्या रकमेचा अंतिम मालक कोण, हे वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. नामनिर्देशित व्यक्ती ही बँकेच्या ठेवीची विश्वस्त असते, मालक नव्हे. नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर न्यायालयातून वारस प्रमाणपत्र आणण्याची वेळ येऊ शकते व त्यात महिने जातात. खाते पती-पत्नींचे संयुक्त असून ‘दोघांपैकी एक किंवा हयात’ अशी सूचना दिलेली असेल, तर हयात जोडीदाराला व्यवहार चालू ठेवता येतो आणि नामनिर्देशनाचा प्रश्न पुढे ढकलला जातो. याउलट मृत खातेदाराचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती नियमबाह्य आहे आणि भावाभावांतील वादाला तिच्यातूनच तोंड फुटते. मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते; दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र अनिवार्य असतात आणि ते साक्षीदार शक्यतो लाभार्थी नसावेत.

जमिनीच्या बाबतीत सातबाऱ्यावर वारसांची नोंद होण्यासाठी हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याला, कळवावे असे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे सांगणे आहे. अनेक घरांत ही नोंद दहा-वीस वर्षे होत नाही, मृत आजोबांच्या नावावर उतारा चालू राहतो आणि पीककर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई या सर्वांत विधवा सुनेला अडथळे येतात. २०२५ साली शासनाने राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा हेतू हाच होता. त्याच्याही फार आधी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेतून पतीने हयातीतच जमिनीचा काही हिस्सा पत्नीच्या नावे करावा असे आवाहन केले होते, आणि कित्येक गावांनी ते मानले होते. घराची तयारी आणि घरातील स्त्रीचा हक्क हे वेगवेगळे प्रश्न नव्हेत, हे त्या मोहिमेने ओळखले होते.

मृत पतीच्या कर्जाबद्दल जी भीती विधवांना घातली जाते, तिच्याविषयी एक गोष्ट प्रत्येक बैठकीत सांगितली जावी. वारसावर मृताच्या कर्जाची जबाबदारी त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. विधवा स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल, तर तिच्या मजुरीतून किंवा तिच्या स्वतःच्या दागिन्यांतून ते कर्ज मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच कोणत्याही कर्जाच्या कागदावर सही करताना आपण कोणत्या नात्याने सही करीत आहोत, हे विचारणे हा संकोचाचा विषय असता कामा नये.

ठेवी कोठे आहेत हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बँकेतील, सहकारी बँका धरून, प्रत्येक ठेवीदाराच्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना २०२० पासून ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्थांतील ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था गावाजवळ असते, कर्मचारी ओळखीचे असतात आणि व्याज थोडे अधिक मिळते, या कारणांनी अडीनडीची सर्वच रक्कम तेथे ठेवली जाते. ज्या पैशावर शस्त्रक्रिया अवलंबून असू शकते, तो पैसा मात्र विमासंरक्षित खात्यातच असावा, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

आतापर्यंतचे विवेचन पुरुष अनुपस्थित झाल्यास काय, या बाजूने झाले. उलट बाजू फारशी बोलली जात नाही. घरातील स्त्री आजारी पडली, तर सासऱ्यांच्या गोळ्या कोणत्या वेळी द्यायच्या, मुलाला कोणत्या औषधाचे वावडे आहे, लसीकरणाचे कार्ड कोठे आहे, रेशन कोणत्या तारखेला मिळते, यांपैकी काहीही पुरुषाला ठाऊक नसते. स्त्रीच्या डोक्यातील हे ज्ञान कागदावर उतरलेले नसते, म्हणूनच ती दुखणे अंगावर काढते, कारण तिच्याशिवाय घर चालणार नाही हे तिला पक्के माहीत असते. गर्भाशयाचे विकार, रक्तक्षय, छातीतील गाठ अशा दुखण्यांवरील उपचाराला होणाऱ्या उशिरामागे पैशाइतकेच हेही कारण असते. घराच्या फाइलमधील पहिले पान या माहितीचे असावे आणि ते घरातील पुरुषाने स्वतःच्या हाताने लिहावे, असे सुचवावेसे वाटते. लिहिताना त्याला प्रत्येक गोष्ट विचारावी लागेल आणि विचारल्यामुळे ती त्याला कळेल.

या कामात दोन धोके संभवतात. पहिला गोपनीयतेचा आहे. फाइलमध्ये खाते कोणत्या शाखेत आहे हे लिहावे, पिन किंवा पासवर्ड लिहू नये. आणि गटाने कोणत्याही घराची फाइल उघडून पाहू नये, ती तयार झाली आहे एवढीच नोंद घ्यावी, कारण छोट्या गावात एकीची शिल्लक दुसरीला कळणे हे नव्या कलहाचे निमित्त ठरते. दुसरा धोका असा की, कुटुंबांनी स्वतः तयारी करावी या सांगण्याचा आधार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदे आणि औषधांचा तुटवडा यांकडे दुर्लक्ष होईल. तसे होऊ देऊ नये. ज्या गटाला आपल्या हक्कांचे कागद समजतात, त्या गटाने ग्रामसभेत उभे राहून आरोग्य केंद्राचा हिशोबही मागावा.

सुरक्षा विमा व जीवन ज्योती या दोन्ही योजनांचे वर्ष ३१ मे रोजी संपते आणि नूतनीकरणाचा हप्ता त्या सुमारास खात्यातून कापला जातो. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीने घरातील सर्व पासबुके भरून आणावीत, विम्याच्या ओळी तपासाव्यात, खात्यात किमान ४५६ रुपये शिल्लक आहेत याची खात्री करावी, नामनिर्देशनाचा रकाना रिकामा असल्यास त्याच आठवड्यात बँकेत अर्ज द्यावा आणि त्याची पोच फाइलमध्ये लावावी. बैठकीच्या कार्यवृत्तात सचिवांनी किती घरांच्या फाइल तयार झाल्या हा एक आकडा लिहावा, आणि ग्रामसंघाने तो जूनच्या सभेत सर्व गटांकडून मागवावा.

कळावे.